गावच्या अंगणवाडीचा दीड वर्षाचा अनुभव: ताट एक नंबर, पाकिटाचं मात्र काही खरं नाही

सातवा महिना लागला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी आले, पेठ तालुक्यात, नाशिक जिल्हा. वजन 43 किलो, हिमोग्लोबिन 8.4, नर्सबाईंनी कार्ड बघितलं आणि पहिलं वाक्य हेच की उद्यापासून अंगणवाडीत जेवायला यायचं, चुकवायचं नाही. मधे चार महिने सोडले तर तेव्हापासून इथेच आहे, बाळ आता सव्वा वर्षाचं झालं, म्हणून वाटलं सविस्तर लिहावं कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणींना आपल्याला काय काय मिळतं तेच माहीत नसतं.

आधी ताटाबद्दल. आदिवासी भागात 2015 च्या डिसेंबरपासून अमृत आहार योजना आहे, गरोदर बाईला आणि बाळंतिणीला दिवसातून एक वेळचं पूर्ण गरम जेवण. आमच्याकडे भाकर किंवा पोळी, भात, घट्ट वरण, पालेभाजी, सोबत अंडं नाहीतर केळं, आणि शेंगदाण्याचा लाडू. मदतनीस मावशी नागलीची भाकर चुलीवर अशी करतात की घरी मला तशी जमत नाही, वरून खुरासणीची चटणी. चव घरचीच, आणि मुख्य म्हणजे तिथेच बसून खायचं, घरी न्यायचं नाही. पहिल्यांदा मला हे विचित्र वाटलं पण आता कळतं की सगळी मेख तिथेच आहे. घरी मी सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तोवर डाळ संपलेली असते, अंडं तर धाकट्या भावाच्या पोराच्या हातात गेलेलं असतं आणि मला त्याचं काही वाटतही नाही. अंगणवाडीत आम्ही पाच-सहा जणी गोल बसायचो, ताट माझ्या एकटीचं असायचं. लग्नानंतर इतकं निवांत बसून मी कधी जेवले होते ते मला आठवत नाही, खरंच.

आजीचं म्हणणं होतं पोटुशी बाईनं जास्त खाऊ नये, पोर मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. अंगणवाडी सेविका ताईंनी तिच्याशी वाद घातला नाही, दर महिन्याला माझं वजन केलं की आकडा आजीलाच सांगायच्या. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका, जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं, आधी मी रोज चहासोबतच घेत होते. बाळंतपणाच्या वेळी 50 किलो होते, बाळ 2 किलो 800 ग्रॅम.

आता पाकीट. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचं कोरडं मिश्रण मिळतं, नियमाने त्यातून रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. कागदावर चांगलंच आहे. पण आम्हाला मिळालं ते इतकं गोड आणि शिजवल्यावर इतकं चिकट की बाळाने दोन चमचे खाऊन तोंड फिरवलं, एका महिन्यात तर वास येत होता. पाड्यावर किती घरात ते शेळीला गेलंय ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्यात ते घ्यायला मोबाईलमध्ये चेहरा दाखवावा लागतो आणि आमच्याकडे रेंज नाही, ताई बिचाऱ्या बायकांना घेऊन टेकडीवर चढतात. त्यांचा अर्धा दिवस त्यातच जातो, तो वेळ पोरांना मिळायला पाहिजे ना.

मधले चार महिने म्हणजे दिवाळीनंतर आम्ही द्राक्षबागेत मजुरीला गेलो. बाळ तेव्हा सात महिन्यांचं, म्हणजे वरचं खाणं सुरू करायचे नेमके दिवस. जवळपास अंगणवाडी नाही, मी सकाळी सातला कामावर, बाळ मोठ्या पुतणीकडे, आणि खाणं काय तर चहात बुडवलेलं बिस्कीट नाहीतर पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. पोट भरल्यासारखं दिसायचं, रडायचं नाही, म्हणून मला वाटलं ठीक आहे. मार्चमध्ये परत आल्यावर ताईंनी बाळाच्या दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावली, 12.1 सेंटीमीटर. पट्टीवर साडेबाराच्या वर हिरवा, त्याखाली पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. पिवळ्यात होता माझा मुलगा. मी तिथेच रडले.

त्यानंतर ताईंनी जे केलं त्यासाठी मी त्यांचे पाय धरायला तयार आहे. घरी आल्या, माझ्याच चुलीवर माझ्याच डब्यातलं घेऊन दाखवलं, नागली, वाटलेली उडदाची डाळ, वर एक चमचा तेल, आणि चमचा तिरका करून म्हणाल्या, बघ, हे ओघळलं नाही पाहिजे. मी आत्तापर्यंत पातळ पेज देत होते, पोट पाण्यानेच भरत होतं. अंगणवाडीत सात महिन्यांपासूनच्या पोरांना आठवड्यातून चार दिवस अंडं मिळतं, अंडं न खाणाऱ्याला केळी, ते सुरू केलं. अडीच महिन्यांनी पट्टी 12.8.

हे फक्त आमच्या पाड्याचं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, त्याआधीच्या पाहणीत 34.4 होती, म्हणजे फरक पडलाच नाही. आणि रक्त कमी असलेली मुलं तर 53.8 वरून 68.9 टक्क्यांवर गेली. पाकिटांचे ट्रक तर येतच असतात, मग बाईच्या आणि पोराच्या तोंडात नक्की काय जातंय हे कोणीतरी बसून बघायला नको का?

तर माझ्याकडून ताटाला पाचपैकी पाच, ताई आणि मावशींना पाच, पाकिटाला एक.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आमच्याकडे जेवण बारा-साडेबाराला असतं. डबा भरून मागू नका, तिथेच बसून खा. घरातलं मोठं माणूस कुरकुर करत असेल तर त्यांना एक दिवस सोबत घेऊन जा. मी आजीला नेलं होतं, तिने वरण चाखलं, सगळ्या पोरींची ताटं बघितली, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी अकरालाच मला म्हणाली, आवर लवकर, भाकर गार होईल.