मंगळाची माती: बेंटोनाइट घ्यावं की क्रशरची डस्ट?

रोव्हरच्या (ग्रहावर फिरणाऱ्या चाकांच्या यंत्राच्या) चाचणीसाठी मंगळासारखी माती करायची म्हटली की हे दोन पर्याय समोर येतात: बेंटोनाइट ही चिकणमाती, नाहीतर खडीक्रशरवरची दगडाची भुकटी. मी दोन्ही वापरलेत.

बेंटोनाइटची बाजू लंगडी अजिबात नाही. १९७६ मध्ये नासाच्या व्हायकिंग यानानं जीवसृष्टी शोधायला मंगळाच्या मातीवर पोषक द्रव टाकला आणि लगेच वायू सुटला. पुढे बॅनिन आणि रिश्पॉन या संशोधकांनी लोहयुक्त माँटमोरिलोनाइटवर (बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज), एकही जीव नसताना, बराचसा तसाच प्रतिसाद मिळवला. तुमचा प्रयोग रासायनिक असेल, तर या खनिजाला माझ्या मते तोड नाही. फक्त अर्थिंगच्या खड्ड्यासाठी विकतात त्या पोत्यातल्या मालात थरांमध्ये सोडियम किंवा कॅल्शियम असतं. त्या जागी लोह भरायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पुण्यातला जुलै. रात्रभर ११० अंशांवर वाळवलेली पावडर सकाळी ट्रेमध्ये पसरली. तेव्हा ती पिठासारखी भुरभुरत होती. दुपारी तीच मऊ पडून चाकांना चिकटायला लागली, आणि मागे उमटलेल्या खुणा थेट शेतातल्या चिखलातल्यासारख्या. पाणी कुणी घातलं नव्हतं, माँटमोरिलोनाइटच्या थरांनी ते हवेतूनच ओढून घेतलं. पुन्हा ओव्हन, पुन्हा ट्रे. आठवडाभर हेच चाललं. चाचणी घेणाऱ्या मुलांचे आकडे रोज बदलायचे आणि दोष चाकांचा की मातीचा, हे त्यांना सांगता येईना, याचं मला फार वाईट वाटलं.

मग खडीक्रशरवरून डस्ट आणली, धुऊन वाळवली, चाळली. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्टच; त्यातली मुख्य खनिजं प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरला २०१२ मध्ये मंगळावरच्या रॉकनेस्ट या जागेच्या वाळूत हीच खनिजं मिळाली, सोबत बरंच अस्फटिक द्रव्य होतं, चिकणमातीची खनिजं मात्र दिसली नाहीत. नासानंही हवाईतल्या पॅलेगोनाइटची (बदललेल्या ज्वालामुखी राखेची) जेएससी मार्स-१ ही नकली मंगळमाती ओलावा फार धरते, म्हणून पुढे मोहावे वाळवंटातल्या बेसाल्टची वेगळी माती तयार केली होती.

डस्टमध्येही उणिवा आहेत. कण धारदार असतात, बेअरिंगमध्ये शिरतात आणि चाळताना मास्क लागतोच. पण सकाळची माती संध्याकाळी तशीच राहते. कोरड्या हवेच्या गावात राहत असाल तर कदाचित तुमचा अनुभव निराळा असेल. मंगळावरच्या यलोनाइफ बेसारख्या जुन्या तळ्याच्या गाळाची नक्कल करायची असेल, तर डस्टमध्ये वजनाच्या साधारण २० टक्के बेंटोनाइट मिसळा. तिथल्या खडकात स्मेक्टाइट (माँटमोरिलोनाइट ज्या गटातलं, ती चिकणमातीची खनिजं) जवळपास तेवढंच निघालं. आणि मिसळा ते चाचणीच्या सकाळीच.