एका मीटरवर दोन फ्लॅट : निम्मं-निम्मं, सबमीटर की वेगळं कनेक्शन?

लातुरात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा समोरासमोरच्या दोन फ्लॅटना मिळून एकच मीटर होतं. आधी दोन्हींत सख्खे भाऊ राहायचे, त्यामुळे कुणाचं कधी अडलं नव्हतं. एका भावाकडून आम्ही घेतला, दुसरे तिथंच राहिले, आणि लाईटबिल निम्मं-निम्मं असं तोंडी ठरलं. हिवाळा सुखात गेला. एप्रिलचं बिल आलं तेव्हा समोरच्या वहिनी जिन्यातच म्हणाल्या, "आमच्याकडं तर एकच कूलर चालायलाय, मग बिल कामून एवढं वाढायलंय?" आमच्याकडे दोन कूलर होते आणि सुट्टीला लेकीची मुलं आलेली. वहिनींचं चुकलं नव्हतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं एवढंच.

निम्मं-निम्मं ही पद्धत वाईट नाही. भाडेकरू चार-सहा महिन्यांपुरता असेल, दोन्ही घरांत माणसं आणि उपकरणं सारखी असतील, तर तीच सोपी. पण मराठवाड्यातल्या उन्हाळ्यापुढे ती टिकत नाही. एका घरात कूलर, दुसऱ्या घरात एसी आला की मे महिन्यात बोलणं कमी व्हायला लागतं.

खरं दुखणं मात्र वाटणीत नाही, टप्प्यांत आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि ५०० च्या वर चौथा. वेगळी मीटरं असती तर पहिले १०० स्वस्त युनिट दोन्ही घरांना मिळाले असते. एका मीटरवर ते एकदाच मिळतात. आमचे २२० आणि वहिनींचे १८० युनिट धरा. वेगवेगळं बिल आलं असतं तर कुणीच ३०० च्या वर गेलं नसतं. एकत्र ४०० होतात, म्हणजे जे १०० युनिट पहिल्या टप्प्यात बसायचे ते तिसऱ्यात जाऊन बसतात. अलीकडच्या दरांत या दोन टप्प्यांतला फरक युनिटमागे आठ रुपयांच्या वर आहे. म्हणजे महिन्याला किमान आठशे रुपये, वर १६ टक्के वीज शुल्क. हे पैसे ना आम्ही वापरले, ना वहिनींनी. दोन घरं एका मीटरवर आहेत म्हणून ते जातात, आणि आपण मात्र एकमेकांच्या कूलरकडे बोट दाखवत बसतो.

मग सबमीटर, म्हणजे मुख्य मीटरच्या पुढे आपणच बसवलेलं छोटं मीटर, लावलं तर? आम्ही लावलं, आणि भांडण तिथं निम्मं मिटलं. लावायचंच असेल तर दोन लावा, प्रत्येक फ्लॅटला एक. एकच लावलं तर मुख्य मीटरमधून ते वजा करून उरलेलं सगळं दुसऱ्याच्या माथी बसतं. त्यात जिन्यातला दिवा आणि कुठं करंट गळत असेल तर तोही येतो. दोघांच्या समोर सील करा. महावितरणचं रीडिंग ज्या तारखेला होतं त्याच दिवशी तिन्ही मीटरचे फोटो काढून दोघांनाही पाठवा. मग एकूण बिल भागिले एकूण युनिट करायचं, येणाऱ्या दराने आपापले युनिट गुणायचे. "पहिले शंभर आमचे" असा हिशेब कुणालाच धरू देऊ नका.

पण सबमीटर युनिट मोजतं, टप्पा बदलत नाही. समोरच्या घरात दोनच माणसं असतील, त्यांचे ६० युनिट होत असतील आणि तुमच्या एसीमुळे बेरीज साडेचारशेवर गेली, तर त्या साठ युनिटनाही तुमच्या एसीचा दर लागतो. युनिट बरोबर मोजले तरी ही वाटणी त्यांच्यावर अन्यायच करते, आणि साठ युनिटवाल्या घरात बहुतेकदा पेन्शनवरची माणसं असतात.

लातूरच्या ट्युशन एरियात, म्हणजे क्लासेसच्या भागात, मुलांना खोल्या देणारे घरमालक सबमीटरवर ठोक दर लावतात. राहायला जाण्याआधी तो दर विचारून भाडेकरारात लिहून घ्या. आणि भाडेकरूंनी हे लक्षात ठेवावं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार योग्य कारणाशिवाय घरमालकाला भाडेकरूची वीज तोडता येत नाही.

वेगळ्या कनेक्शनचा खर्च एकदाचा आहे : सुरक्षा ठेव, जोडणीचे पैसे, मीटर बोर्डापासून फ्लॅटपर्यंतचं वायरिंग. शिवाय स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दरमहा लागणारी ठरावीक रक्कम, दुसऱ्या मीटरवरही लागतो, पण तो महिन्याला सव्वाशे-दीडशेच्या आसपास, वरच्या आठशेंपुढे काहीच नाही. मालकीचा कागद, घरपट्टीची पावती, वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागतो. भाडेकरू असाल तर मालकाची ना-हरकत. दोन्ही फ्लॅटची नोंद आणि स्वयंपाकघर स्वतंत्र असेल तर काम सरळ होतं. एकाच घरात टप्पा वाचवायला दुसरं मीटर मागितलं तर ते मिळत नाही, आणि तसं मागूही नये. जुन्या मीटरवर थकबाकी असेल तर आधी ती दोघांनी मिळून भरा. केंद्राच्या २०२४ च्या दुरुस्त नियमांनी नव्या जोडणीला महानगरांत ३, इतर शहरांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मुदत घातली आहे. अर्जाची पोच जपून ठेवा.

वेगळ्या मीटरच्या बाजूने माझा कौल पडतो तो पैशाच्याही पुढच्या कारणासाठी. महावितरणच्या लेखी ग्राहक एकच, ज्याचं नाव बिलावर आहे तो. शेजाऱ्याने हिस्सा दिला नाही तर थकबाकी तुमच्या नावावर चढते आणि १५ दिवसांच्या लेखी नोटिशीनंतर अंधार दोन्ही घरांत होतो. शेजाऱ्याने घरात पार्लर काढलं तरी तेच. घरातूनच छोटा व्यवसाय करणाऱ्याला महिना ३०० युनिटपर्यंत घरगुती दर चालतो, पण दोन घरांचं मीटर उन्हाळ्यात ३०० सहज ओलांडतं. मग वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि नोटिशीवर नाव तुमचं असतं.

काहीही ठरवण्याआधी मात्र एका दुपारी मीटर बोर्डासमोर उभे राहा. नव्या इमारतींत मीटरं वेगळी असूनही वायरी अदलाबदल झालेल्या असतात, आणि तीन नंबरचं बिल चार नंबरवाला भरत असतो. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. सगळ्यांना सांगून एकेका फ्लॅटचा मेन स्विच पाडायचा. ज्याचा पाडला त्याच्याच मीटरचं लुकलुकणं थांबलं पाहिजे. दुसऱ्याचं थांबलं तर अदलाबदल. मेन पाडूनही तुमचं लुकलुकतच राहिलं, तर शेजाऱ्याचा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तुमच्या मीटरमधून जात असू शकतो. आताची सिंगल फेज मीटरं फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट बघतात आणि जास्त असेल तो धरतात, त्यामुळे उसना न्यूट्रल तुमच्या बिलात चढतो. मीटर बोर्डावर हात घालू नका, लेखी तक्रार द्या.

मीटरच चुकीचं पळतंय असं वाटत असेल तर त्याच २०२४ च्या नियमांत एक चांगली सोय आहे : तक्रारीनंतर पाच दिवसांत जोडीला दुसरं मीटर बसवून किमान तीन महिने वापर ताडून बघायचा. वाद चालू असताना बिल थकवू नका. वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वीज तोडता येत नाही. नाहीच ऐकलं, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

राहिली बोअरची मोटर. लातूरकरांनी २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय, त्यामुळे मोटर कुणी किती वेळ चालवली यावर इथं घराघरांत वाद होतो. ती कुणाच्याही फ्लॅटच्या मीटरवर ठेवू नका, मालक कितीही भला असला तरी. इमारतीच्या नावाने वेगळं मीटर घ्या. जिना आणि पाण्याच्या मोटरीला तिथंही घरगुतीच दर लागतो. आमचं ते मीटर तळमजल्यावर आहे, शेजारी खिळ्याला वही टांगलेली. एक तारखेला एका महिन्यात मी रीडिंग लिहिते, पुढच्या महिन्यात वहिनी, आणि दुसरी खाली सही करते.