आधी कोणती बघू? वयात येणाऱ्या मुलांच्या तीन आशियाई प्रेमकथा

दोन मुलगे, शाळेचं शेवटचं वर्ष, पहिलं प्रेम. या विषयावर आशियात गेल्या काही वर्षांत इतकं बनलंय की नव्या माणसाला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मला कुणी विचारलं की मी तीन नावं सांगते. थायलंडचा 'लव्ह ऑफ सियाम' (२००७), तैवानचा 'युअर नेम एनग्रेव्ह्ड हिअरइन' (२०२०), आणि पुन्हा थायलंडचीच 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' (२०२०) ही पाच भागांची मालिका. तिन्हींवर माझा जीव आहे, पण तिन्ही एकाच माणसाला एकाच दिवशी सुचवणार नाही.

"शेवट गोड आहे ना?" हे सगळे आधी विचारतात. मी विचारते, या दोघांच्या आड कोण आलेलं तुम्हाला बघवेल? घर, काळ, की त्या मुलाचं स्वतःचंच मन?

घर म्हणालात तर 'लव्ह ऑफ सियाम'. चुकियत साक्वीराकुन यांचा हा चित्रपट आला तेव्हा जाहिरातींवरून ती मुलामुलींची साधी प्रेमकथा वाटत होती, त्यामुळे बेसावध गेलेले प्रेक्षक चकित झाले. खरं तर ती एका मोडलेल्या कुटुंबाची गोष्ट आहे. तोंगची थोरली बहीण चियांग माईला गेली ती परतलीच नाही. वडील दारूत बुडाले, आई सुनी एकटी घर ओढते आहे. अशा घरात तोंगला लहानपणीचा शेजारी म्यू पुन्हा भेटतो. म्यू आता गाणी लिहितो, बँडमध्ये गातो. दोघांचं आईला कळतं तेव्हा ती म्यूला भेटून दूर राहायला सांगते, आणि तिचा राग येण्याआधी तिची भीती दिसते. एक मूल गेलंय, दुसरंही हातून निसटेल ही भीती. पुढे ख्रिसमसचं झाड सजवताना आई आणि मुलगा एका छोट्याशा बाहुलीवरून जे बोलतात, तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेल. घरी कसं सांगायचं या विचारात जो आहे, त्याने हा चित्रपट आधी बघावा. आईवडिलांसोबतही बघता येतो. शारीरिक जवळीक जवळपास एका चुंबनापुरती आहे. अडीच तास लागतात, चाल संथ आहे. दिग्दर्शकाची लांब आवृत्ती आहे, पण ती दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.

तैवानच्या चित्रपटात वैरी काळ आहे. ३८ वर्षांचा लष्करी कायदा जुलै १९८७ मध्ये उठला, आणि कथा त्याच सुमारास मुलांच्या एका कॅथलिक शाळेत सुरू होते. कायदा गेला, दरारा गेला नाही. जानेवारी १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष च्यांग चिंग-क्वो वारले. त्यांच्या अंत्यदर्शनाच्या निमित्ताने आ-हान आणि बर्डी तैपेईला जातात, आणि त्या प्रवासात दोघं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतात. परत आल्यावर शाळेत मुलींना प्रवेश मिळालेला असतो, आणि बर्डी एका मुलीच्या मागे लागतो. तो असं का करतो हे आ-हानला कळत नाही, आपल्याला मात्र हळूहळू कळायला लागतं. इथे मारहाण आहे, अपमान आहे, न्हाणीघरातला एक प्रसंग फार अवघड आहे. मन आधीच हळवं असेल तर आज नको. ज्या देशाने मे २०१९ मध्ये आशियात सर्वांत आधी समलिंगी विवाह कायदेशीर केला, तिथे त्यापूर्वीच्या पिढीने काय गमावलं याचा हिशेब या चित्रपटात आहे. लू क्वांग-चुंगने गायलेल्या शीर्षकगीताला गोल्डन हॉर्स हा तैवानचा चित्रपट पुरस्कार मिळाला. पण ते आधी यूट्यूबवर ऐकू नका, चित्रपटात टेलिफोनवर ऐकू येईल तेव्हाच ऐका.

तरीही एकच निवडायची तर मी 'सनसेट' निवडेन. इथे गुंड नाहीत, पाद्री नाहीत, हाकलून देणारं घर नाही. फुकेतच्या जुन्या गावात तेहची आई नूडल्सचं दुकान चालवते, आणि तेहच्या खोलीच्या भिंती चिनी शब्दांच्या चिठ्ठ्यांनी भरलेल्या आहेत. एकेकाळचा जिवलग मित्र, मग भांडण होऊन तुटलेला ओह-एव, त्याला चिनी भाषेच्या शिकवणीत पुन्हा भेटतो. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी दोघांनाही ती भाषा हवी आहे. तेह शिकवतो, ओह-एव शिकतो, आणि जो शब्द तेहला मायभाषेतही उच्चारता येत नाही त्याच्याभोवती दोघं घुटमळत राहतात. मालिकेच्या मूळ थाई नावाचा अर्थच 'माझ्या प्रेमाचा तुझ्या मनाने अनुवाद कर' असा आहे. तेह कित्येकदा चुकतो, जवळ येतो, घाबरून पळतो, ओह-एवला रडवतो. त्याला चार शब्द सुनवावेसे वाटतात. मग तो थोरल्या भावापुढे कोसळतो, आणि सगळा राग उतरतो. बिल्किन आणि पीपी या दोघांचा अभिनय इतका खरा आहे की खोलीतली शांतताही ऐकू येते. भाग तासाभराहून मोठे आहेत. रोज एक बघा, सलग नको. बँकॉकमध्ये घडणारा पुढचा भाग २०२१ चा, 'आय प्रॉमिस्ड यू द मून'. तो चांगला आहे, पण लगेच सुरू करू नका. फुकेतचा समुद्र थोडे दिवस मनात राहू द्या.

यातलं कुठलंच जड ओझं आज नको असेल तर जपानची 'माय लव्ह मिक्स-अप' (२०२१) लावा. खोडरबरावर लिहिलेल्या एका नावावरून गैरसमज होतो आणि दहा भाग हसत-हसत संपतात. त्यात कुणी कुणाला दुखवत नाही.

आणि मराठीत? रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. त्यातले आनंद आणि बाळ्या तिशीतले आहेत, म्हणून या तुलनेत तो बसत नाही. पण 'लव्ह ऑफ सियाम'मधली सुनी तुमच्या मनात घर करून राहिली, तर पुढच्याच आठवड्यात तो बघा. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावभर लग्नाची विचारणा चालू असते, आणि आनंदच्या आईला सगळं आधीपासून ठाऊक असतं.