गाडीत पाणी येतंय? चिपळुणातल्या एका मेस्त्रींचा अनुभव

आधीच सांगते, गॅरेजचं नाव आणि नंबर देणार नाही. मेस्त्रींनीच हात जोडले, "बाई, नेटवर टाकू नका, पावसाळ्यात आधीच जागा नाय उभी करायला." बहादूरशेख नाक्याच्या बाजूला चौकशी केलीत आणि 'पाणी शोधणारे मेस्त्री' म्हणालात की कुणीही रस्ता दाखवेल. पत्र्याची शेड आहे, शेजारी बेकरी.

माझी गाडी हॅचबॅक, जुनी घेतलेली. चिपळूण ते शृंगारतळी रोजचं जाणं-येणं, शाळेत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात डावीकडच्या सीटवर पिशवी ठेवायला वाकले तर पायाखालची मॅट चपचपीत. छत्रीचं पाणी असेल म्हणून सोडून दिलं. चार दिवसांनी गाडीला गोणपाटाचा वास यायला लागला, आणि सकाळी आतून काचा इतक्या धूसर व्हायच्या की दहा मिनिटं पुसण्यातच जायची.

चिपळुणात गाडी आतून ओली आहे असं म्हटलं की लोक एकच प्रश्न विचारतात, "पुराची नाय ना?" २२ जुलै २०२१ नंतर इथं तो प्रश्न सुटलेलाच नाही. स्टाफरूममध्ये तिघींनी विचारला. मीही घाबरले आणि ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या साताऱ्याच्या नात्यातल्या काकांना फोन करून नको ते बोलले. त्याबद्दल पुढे येतेच.

आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. त्यांनी एसीची ड्रेन पाइप तुंबली असं सांगितलं, पाइप फुंकून साफ केली, कार्पेट धुतलं, २,८५० रुपये. त्यांचा तर्क वेडा नव्हता. एसीचं पाणी बाहेर जायची नळी तुंबली की ते डाव्या पायापाशीच उतरतं. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. मग एका काचवाल्याने पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉनची जाड रेघ ओढली, ९०० रुपये. ती रेघ अजून आहे, दिसायला भयंकर. पाणीही आलंच.

मेस्त्रींकडे गेले तेव्हा त्यांनी गाडीला हातही लावला नाही, नुसते प्रश्न. रविवारी गाडी जागची हलली नव्हती तरी सोमवारी ओलं होतं का? होतं. मग एसी नव्हे. मॅट पिळून ते पाणी दोन बोटांत चोळलं, वास घेतला. चिकट नाही, गोडसर वास नाही, म्हणजे हीटरमधून कूलंटही गळत नाही. मग विचारलं, "रात्री गाडी लावता ती तोंड कुणीकडं करून?" मी चक्रावले. आमच्या गल्लीत गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी असते. "म्हणजे डावी बाजू पश्चिमेला. आपला पाऊस तिकडनंच मारतो."

हा एक प्रश्न आधीच्या दोन्ही ठिकाणी कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठेवली. डावी सीट काढली, कार्पेट उचललं. खालचा फोम पाहून मला मळमळलं. वरून कार्पेट कोरडं दिसत होतं तरी त्या फोमने बादलीभर पाणी धरून ठेवलं होतं. म्हणजे कार्पेट धुऊन काही उपयोग नव्हताच. फोम बाहेर काढून त्यांनी बेकरीच्या भट्टीमागच्या भिंतीला टेकवून ठेवला. आषाढात चिपळुणात काही वाळवायचं तर याहून चांगली जागा नाही, पण नंतर दोन दिवस गाडीला नानकटाईचा वास येत होता हेही खरं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. पुराची गाडी असती तर पट्ट्याच्या न धुतलेल्या टोकाला गाळाची रेघ सापडते म्हणे. पट्टा स्वच्छ. सीटखालचे बोल्टही गंजलेले नव्हते. मला साताऱ्याचे काका आठवले.

आता खरं काम. आतला पत्रा पुसून कोरडा केला, दाराच्या चौकटीच्या आतल्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरली आणि मेस्त्री टॉर्च घेऊन डोकं खाली, पाय बाहेर असे आत आडवे झाले. दार लावायचं तेवढे पाय आत ओढले. बाहेर पोरगा साधा पाइप घेऊन, प्रेशर अजिबात नाही. सुरुवात खालून. आधी उंबरा, मग चाकाची कमान, मग दाराचा खालचा भाग, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. मी म्हटलं, वरूनच का नाही सोडत? आतून आवाज आला, "वरनं सोडलं की सगळंच भिजतं. मग कौल कुठलं फुटलंय ते कसं कळणार?"

वायपरखालच्या जाळीतून मूठभर जांभळाची पानं निघाली. मला वाटलं सापडलं. तिथं पाणी सोडलं, आत थेंब नाही. मग पाइप डाव्या दाराच्या काचेवर धरला. चार-पाच मिनिटांनी आतून दारावर दोन टकटक. पांढऱ्या पावडरीत एक करडी रेघ दाराच्या आतल्या बाजूने उतरून कार्पेटच्या दिशेने चालली होती.

मेस्त्रींनी ते कौलारू घराच्या भाषेत समजावलं. कौल एका जागी फुटतं, पाणी वाशावरून चालत भलत्याच खोलीत ठिबकतं. गाडीचंही तसंच. आणि काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, प्रत्येक गाडीच्या. ते दाराच्या पोटात उतरून खालच्या भोकांतून बाहेर पडतं. पन्हळच म्हणा. ते आत येऊ नये म्हणून दाराच्या पॅनेलमागे एक प्लॅस्टिकचा कागद काळ्या, डांबरासारख्या चिकट दोऱ्याने डकवलेला असतो.

पॅनेल उघडलं. कागद मधोमध फाडलेला, वर खाकी पॅकिंग टेप, आणि टेप सुटून लोंबत होती. "स्पीकर कधी बसवले, बाई?"

गेल्या दिवाळीत. मीच. शृंगारतळीच्या रस्त्याला गाणी ऐकायला. ज्याने बसवले त्याने कागद फाडून टेप मारली होती, आणि टेपला पहिलाच पावसाळा झेपला नाही. त्या संध्याकाळी साताऱ्याला फोन केला. काका आधी गप्प राहिले, मग म्हणाले, "स्पीकरचा आवाज तरी बरा आहे का?"

नवा जाड कागद, नवा चिकट दोरा. खालची कड दाराच्या पोटात वळवून घेतली, म्हणजे कागदावरून उतरलेलं पाणी परत पन्हळीत पडेल. भोकं तारेने मोकळी केली. उजव्या दारालाही तेच केलं, तिथली टेप अजून टिकली होती तरी. मग पुन्हा अर्धा तास पाइप धरून दाखवला. पावडर कोरडी. एकूण १,६०० रुपये, त्यातले सामानाचे ३५०. बाकीचे शोधण्याचे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि मला ते अजिबात जास्त वाटले नाहीत.

तक्रारी आहेत. दोन दिवस म्हणाले, चार लागले, आणि ते चार दिवस मी एसटीने गेले. फोन उचलत नाहीत. बसायला एक टायर आहे. बिल मागितलं तर वहीचं पान मिळालं. पॅनेलची एक क्लिप तुटली, ती 'पुढच्या खेपेला' म्हणून राहिलीय, त्यामुळे मार्गताम्हाण्याच्या गतिरोधकावर दार खुळखुळतं. क्रीम रंगाच्या सीटवर ग्रीसची चार बोटं उमटली आहेत. एक तारा त्यासाठी कापते. चार तारे.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा आणि आधी गाडी धुऊन, पुसून 'बरी दिसेल' अशी करू नका, मॅट ओलीच न्या. गाडी कुठल्या दिशेला, चढावर की उतारावर उभी असते, ते आठवून ठेवा. आणि गाडीत अलीकडे काहीही नवं बसवलं असेल, तर त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाका. मी सांगितलं असतं तर निदान एक दिवसाची एसटी वाचली असती.