चौदा वर्षांखालील बास्केटबॉल संघ: आधी मॅन-टू-मॅन की 2-3 झोन?

ठाणे-नवी मुंबईच्या शालेय संघांना सरावाला आठवड्यातून तीन संध्याकाळी मिळाल्या तरी पुष्कळ. त्यामुळे 2-3 झोनचा, म्हणजे प्रत्येकाने खेळाडू नव्हे तर ठरलेली जागा राखायच्या बचावाचा, मोह होतो. दोघं पुढे, तिघं रिंगजवळ. दोन दिवसांत आकार येतो. या वयात लांबून नेम कमी लागतो, म्हणून सामनेही जिंकता येतात. पण उंच मूल रिंगखाली हात वर करून उभंच राहतं आणि त्याचे पाय हलायला शिकत नाहीत. रिबाउंडच्या (नेम चुकून उसळलेला चेंडू पकडायच्या) वेळी कोणी कोणाला अडवायचं हे चटकन उमगत नाही, तिथे चेंडू जातो.

मॅन-टू-मॅन म्हणजे प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू राखायचा. त्याचा पहिला महिना गोंधळाचा, तरी सुरुवात इथूनच हवी. चेंडूवाल्यापासून हातभर अंतर, कंबर खाली, पाय न जुळवता सरकायचं. चेंडू पलीकडे असला की एक पाय पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात. मुलं नेमकी इथेच चुकतात: नजर फक्त चेंडूवर, आणि आपला खेळाडू पाठीमागून रिंगकडे कट मारतो. यावर शेल ड्रिल करा: 4 विरुद्ध 4, ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) बंद, चेंडू हवेत असतानाच चौघांनी जागा बदलायची. 40 सेकंदांच्या 6 फेऱ्या. उशिरा हललेल्याला ओरडू नका. खेळ थांबवून त्याची जागा दाखवा.

पावसाळ्यात ओल्या सिमेंटच्या कोर्टवर सरकणं धोक्याचं. तेव्हा छताखाली, चालत चालत, झोनच्या जागा शिकवून घ्या.