रेवदंडा-चौल-कोर्लई पायी: कुठे चालावं, कुठे रिक्षा करावी

कुंडलिका नदीच्या मुखावरचा हा पट्टा पायी फिरणाऱ्यासाठी रायगड जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा, सोयींच्या बाबतीत मात्र काठावर पास. इतिहास, नारळी-पोफळीच्या वाड्या, खाडी आणि डोंगर इतक्या जवळजवळ फार कमी ठिकाणी मिळतात. पण पाट्या जवळपास नाहीत, सावलीची बाकं नाहीत आणि अवशेषांपाशी माहिती सांगायलाही कोणी नसतं. त्यामुळे तयारी घरूनच करून निघावं लागतं. त्यातली पहिली म्हणजे भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघणं.

कोकणातला जुना हिशोब असा: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पुरती ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरावा. रेवदंड्यासाठी पंचमी-षष्ठी उत्तम, कारण तेव्हा सकाळी दहाच्या आसपास पाणी उतरलेलं असतं. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी खूप दूर जाते हे खरं, पण ती पहाटे नाहीतर संध्याकाळी. ऐन दुपारी उधाणाचं पाणी चढलेलं असतं आणि तटाखालची वाळूची पट्टी अगदी अरुंद होते.

रेवदंड्याचा किल्ला म्हणून वेगळी वास्तू शोधत बसू नये. गावच तटबंदीच्या आत आहे. पोर्तुगीजांनी १६व्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीच्या परवानगीने इथे वखार घातली, पुढे कोट बांधला आणि १७४०मध्ये तो मराठ्यांकडे आला. दोनशे वर्षांच्या त्या वस्तीतला आज ठळक दिसतो तो सातखणी मनोरा. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा हा मनोरा. नावाप्रमाणे सात मजले शोधायला जाऊ नका, चारच उरलेत. वाड्यांच्या मधून वाट जाते. वाट चुकली तर 'सातखणी कुठे?' एवढं विचारलं तरी पुरतं. आजूबाजूच्या वाड्या खासगी आहेत, त्यामुळे कुंपण ओलांडून फोटो काढणं गावाला रुचत नाही, आणि ते बरोबरच आहे. तटावर चढायचा मोह सर्वांना होतो. पण वड-पिंपळाच्या मुळांनी दगड सैल केलेत, गवताखाली फटी झाकलेल्या असतात आणि पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत शेवाळ राहतं. तटाच्या आतून आणि समुद्राच्या बाजूने, खालूनच चालावं.

गावातल्या दोन जागा लोक हमखास चुकवतात. एक बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे 'शनिवार तेली' म्हणजे हेच, याच किनाऱ्यावरचे. दुसरी जागा म्हणजे शाळेच्या आवारातलं अफानासी निकितीनचं स्मारक. हा रशियन व्यापारी वास्को द गामाच्या आधी जवळजवळ तीस वर्षं, घोडा विकायला घेऊन चौल बंदरात उतरला होता. शाळेच्या वेळेत परवानगी विचारूनच आत जावं.

किनारा काळपट वाळूचा आहे. कळंगुटसारखी पांढरी वाळू मनात धरून आलेल्यांची निराशा होते. पण ओहोटीला याच वाळूवर खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी बघायला मिळते. वाळूतलं खाद्य गाळून घेऊन उरलेली वाळू ते गोळी करून टाकतात. भरतीरेषेच्या वर मर्यादवेल पसरलेली असते, तिच्यावरून चालू नये. उडती वाळू तीच धरून ठेवते. खाडीच्या बाजूला गाळ वाढतो, तिथे तिवरांच्या मुळांशी निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारताना दिसतात आणि हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे येतात. मात्र मुखाजवळ पाण्यात उतरायचं नाही. ओहोटीला नदीचं पाणी आणि उतरणारा समुद्र एकाच दिशेने ओढतात, आणि वरून ते पाणी शांत दिसतं. गाळात पाय घोट्याच्या वर रुतला की तिथूनच मागे फिरावं.

रेवदंडा ते चौलचं रामेश्वर मंदिर हे चारेक किलोमीटर मात्र अवश्य चालत जावं. मोठ्या रस्त्याने नको, तिथे डंपर फार. आतल्या वाड्यांच्या रस्त्याने दुपारीही सावली असते. रामेश्वरापुढची पुष्करणी बघण्यासारखी आहे. मंदिरातली अग्नी, वायू आणि पर्जन्य ही कुंडं फरशीखाली बंद असतात, त्यामुळे ती दिसतील या आशेने जाऊ नका. चौलजवळच्या भोवाळ्याच्या दत्ताच्या टेकडीला सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्याच दिवशी कोर्लईचा किल्ला करायचा असेल तर ही टेकडी सोडावी. दोन्ही चढ एका दिवसात होतात, पण गुडघे दुसऱ्या दिवशी हिशोब मागतात. मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीच्या यात्रेत इथे मुंगीला शिरायला वाव नसतो.

कोर्लईला जाताना खाडीवरचा साळावचा पूल पायी ओलांडू नये. पूल अरुंद, वाहनं सतत, आणि वाऱ्याचा जोरही असतो. एसटी किंवा रिक्षाने कोर्लई गावात उतरून पुढे कोळीवाड्यातून दीपगृहापर्यंत चालावं. सुकत टाकलेल्या मासळीच्या बाजूने जायचं, ओलांडून नाही. या गावातले ख्रिश्चन आजही पोर्तुगीजवर बेतलेली 'नौ लिंग' ही बोली घरात बोलतात. बोलणारे हजाराच्या आसपासच उरलेत.

दीपगृहात प्रवेश ठरावीक वेळेतच मिळतो, पण किल्ल्याच्या पायऱ्या तिथूनच सुरू होतात. उंची शंभर मीटरच्या आत, रमतगमत अर्धा तास. किल्ला लांबट आणि चिंचोळा, एका धारेवर बसलेला, म्हणून एकापाठोपाठ दरवाजे लागत जातात. आत पडकं चर्च, महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं आणि तोफा आहेत. माथ्यावर सावली नावालाही नाही. साडेतीननंतर चढावं, माणशी दीड लिटर पाणी घ्यावं आणि सूर्य टेकायच्या आधी उतरायला लागावं, कारण झिजलेल्या पायऱ्या संधिप्रकाशात कळत नाहीत.

येण्याजाण्याचं म्हणाल तर गेटवे-मांडवा बोट आणि तिच्याच तिकिटावर अलिबागपर्यंत बस, पुढे एसटीने पाऊण तास. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा पनवेल-वडखळमार्गे एसटी. मुंबईहून पहिली बोट धरली तरी रेवदंड्यात पोहोचेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात, म्हणून एका दिवसात रेवदंडा-कोर्लई किंवा रेवदंडा-चौल एवढंच धरावं. तिन्ही हवी असतील तर मुक्काम करावा. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ उतरल्या उतरल्या स्थानकातच विचारून ठेवावी.

जेवणाला घरगुती खानावळी चांगल्या, पण ताट सकाळीच सांगून ठेवावं लागतं. आयत्या वेळी गेलात तर बांगडा मिळेलच असं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा 'ताजा पापलेट' म्हणून पुढ्यात येईल त्यावर विश्वास ठेवू नका. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्यावर टांगलेल्या दिसतील. माळ घेताना कांदा दाबून बघावा, मऊ लागला तर पुढच्या टपरीवर जावं.