ॲलिस की हॉबिट?

वेंगुर्ल्याकडे पावसात लाईट गेली की पोरांना मोठ्याने वाचून दाखवायला वेळच वेळ. लुईस कॅरलचं ‘ॲलिस इन वंडरलँड’ हे पुस्तक (१८६५) १२ प्रकरणांचं, प्रत्येक जवळपास सुटं. टोपीवाल्याच्या चहापार्टीत लाईट आली आणि पोर टीव्हीकडे पळालं तरी बिघडत नाही. पण पुढे काय होणार, ही ओढ कमी. टॉल्कीनचं ‘हॉबिट’ (१९३७) १९ प्रकरणांचं, सलग. खंड पडला की मागचं उजळावं लागतं. तरी माझं मत त्यालाच. पाचव्या प्रकरणात नायक बिल्बो आणि गुहेत राहणारा विचित्र प्राणी गॉलम काळोखात एकमेकांना कोडी घालतात. तिथे पुस्तक मांडीवर पालथं ठेवून उत्तर पोराला शोधू द्यावं. आमच्याकडे आजीही आपली कोडी घेऊन मध्ये उतरते, मग प्रकरण कसलं संपतंय! पोर अगदीच लहान, भित्रं असेल तर मात्र ॲलिसच घ्या.